रोडवरून डोंगरातल्या अभयारण्यात पळायला जाताय? मग आधी उतार शिका

प्रश्न थोडक्यात असा की रस्त्यावर हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, दोन तासांच्या आत आरामात होते, म्हणून डोंगराळ अभयारण्यातला १५ किलोमीटरचा, ९०० मीटर चढाचा ट्रेल करायला गेलो, चढ बरा गेला पण खाली येताना मांड्या थरथरायला लागल्या आणि पुढचे तीन दिवस जिना उतरता येईना, तर स्टॅमिना कमी पडतोय का, शूज बदलू का, आणि पुढच्या वेळी एकट्याने गेलं तर चालेल का.

स्टॅमिना अजिबात कमी नाहीये. रस्त्यावर दोन तासांच्या आत हाफ होते म्हणजे हृदय, फुफ्फुसं सगळं तयार आहे. तुम्हाला उतार पळता येत नाही, एवढीच गोष्ट आहे, आणि ती जवळपास प्रत्येक रोड रनरची असते कारण रस्त्यावर कोणी उतार शिकवत नाही आणि ट्रेनिंगमध्ये सगळे हिल रिपीट्स म्हणजे वर पळायचं आणि खाली रमतगमत चालत यायचं असंच करतात. म्हणून या उत्तरात मी सगळ्यात जास्त उतारावरच बोलणार आहे, शूजवर कमी.

आधी हे समजून घ्या की खाली येताना नेमकं काय होतं. वर चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि शरीर वर ढकलतो. खाली येताना तोच स्नायू, म्हणजे मांडीच्या पुढचे क्वाड्स, आखडायचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो, कारण त्याला तुमचं पडणारं वजन प्रत्येक पावलाला थांबवायचं असतं. याला एक्सेन्ट्रिक लोड म्हणतात. यात ऑक्सिजन कमी लागतो, त्यामुळे दम लागत नाही, घड्याळात हार्ट रेट खाली दिसतो, आणि माणसाला वाटतं की आता आराम चाललाय, पळा जोरात. आणि बरोबर त्याच वेळी स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत असते. ती लगेच दुखत नाही, २४ ते ७२ तासांत दुखणं टोकाला जातं, म्हणून तुमचा जिना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अवघड झाला.

२००२ मध्ये अल्बर्टो मिनेटी आणि सहकाऱ्यांनी डोंगरात पळणाऱ्या धावपटूंना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या चढ-उतारांवर पळवून ऊर्जा किती लागते ते मोजलं होतं, ४५ टक्के चढापासून ४५ टक्के उतारापर्यंत. त्यात सगळ्यात कमी ऊर्जा साधारण २० टक्के उताराला (म्हणजे १०० मीटर पुढे जाताना २० मीटर खाली) लागली, सपाटीच्या जवळपास निम्मी. त्याहून तीव्र उतार झाला की खर्च परत वाढायला लागतो कारण मग सगळी ताकद ब्रेक लावण्यात जाते. म्हणजे मध्यम उतार श्वासाच्या हिशोबाने सगळ्यात स्वस्त आणि मांड्यांच्या हिशोबाने महाग, आणि घड्याळ फक्त पहिला हिशोब दाखवतं. हे लक्षात घेतलं नाही तर उतारावर हार्ट रेट बघून वेग वाढवत राहाल आणि शेवटच्या तीन किलोमीटरला पाय उचलणार नाहीत, मग दगडाला बोट अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. माझ्या बघण्यात बहुतेक जण थकलेल्या पायांनी, सोप्या वाटेवर, शेवटाकडेच पडतात, अवघड कड्यापाशी नाही, कारण तिथे सगळे आपोआप जपून असतात.

यातली आनंदाची गोष्ट अशी की हा स्नायू फार पटकन शिकतो. एकदा नीट उतार पळालात, दुखून बरं झालं, की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला खूपच कमी दुखतं, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. त्यासाठी रोज डोंगरात जायला लागत नाही, आठवड्यातून एकदा मध्यम उताराचं छोटं सेशन पुरतं. सोबत जिन्याच्या पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरणं, तीन-चार सेकंद घेऊन, हे घरच्या घरी करा, आणि दात घासताना एका पायावर उभं राहा, जमलं की डोळे मिटून. घोटा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूने मुरगळतो, आणि पाय वाकडा पडतोय हे शरीराला वेळेत कळणं हीच त्यावरची खरी सुरक्षा, ती या बॅलन्सच्या सवयीतून येते.

आता टेक्निक. पहिली गोष्ट म्हणजे मागे रेलायचं नाही. भीती वाटली की माणूस आपोआप मागे झुकतो, टाच लांब पुढे टाकतो, गुडघा सरळ राहतो, आणि प्रत्येक पावलाचा धक्का थेट गुडघ्यात आणि कमरेत जातो, वर टाचेखाली खडी असेल तर पाय पुढे सरकून माणूस बसतोच. त्याऐवजी अंग उताराच्या दिशेने किंचित पुढे, घोट्यातून, कमरेतून वाकून नाही. पावलं छोटी आणि भरपूर, पाऊल पडेल ते शरीराच्या खाली, गुडघा नेहमी थोडा वाकलेला. वेग कमी करायचा असेल तर पावलं आणखी छोटी करा, टाच रोवून ब्रेक लावू नका. हात बाजूला मोकळे पसरू द्या, फोटोत कसं दिसतं त्याची काळजी करू नका, ते हातच तोल सांभाळतात.

दुसरी गोष्ट नजर. नवीन माणूस पायाकडे बघतो. पायाखालचा दगड दिसेपर्यंत निर्णयाची वेळ गेलेली असते, तीन ते पाच मीटर पुढे बघायचं, डोकं ती वाट लक्षात ठेवतं आणि पाय तिथे पडतात. सुरुवातीला विश्वास बसत नाही, म्हणून सोप्या, रुंद उतारावर सराव करा. वेग वाढला की नजर आणखी लांब. आणि समोर काही तरी बघायचंच असेल, नजारा, पक्षी, घड्याळ, फोन, तर आधी थांबा. पळताना नजर वाटेवरच.

तिसरी गोष्ट पाऊल कशावर ठेवायचं. ओल्या मुळांवर कधीच नाही, मुळाच्या अलीकडे किंवा पलीकडे. ओला गुळगुळीत दगड, शेवाळ, लाकडी पूल, वाळलेल्या पानांचा जाड थर, यातलं काहीही आलं की वेग कमी आणि पाऊल सपाट, त्यावर वळायचं नाही, ढकलायचं नाही, फक्त ओलांडायचं. सुट्या दगडांवर पाय हलका टाकून लगेच उचला, पूर्ण वजन द्यायच्या आधीच पुढचं पाऊल पडलेलं असलं पाहिजे. आणि तुमच्यामुळे दगड सुटून खाली गेला तर जोरात ओरडा, खालच्या वळणावर कोणी असेल.

आता चढ. चढावर चाला. खरंच चाला, त्यात कमीपणा काही नाही, जगातले चांगले चांगले माउंटन रनर तीव्र चढावर हात मांडीवर टेकवून चालतात, कारण एका मर्यादेनंतर त्याच वेगाने वर चढायला पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं. कधी चालायचं याची साधी खूण म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चाला. तुमचा चढ 'बरा गेला' असं तुम्ही म्हणताय पण मला शंका आहे की तो जरा जास्तच जोरात गेला, दमलेल्या पायांनी उतार सुरू झाला आणि मग सगळा भार आधीच थकलेल्या क्वाड्सवर आला. वर पोचल्यावर पाच मिनिटं आणखी तसंच चढता आलं असतं असं वाटायला हवं, तेवढा जोर खाली येण्यासाठी शिल्लक ठेवायचा.

पेस हा शब्द डोंगरात विसरा. मिनिट पर किलोमीटर या आकड्याला तिथे काही अर्थ नाही, एकाच ट्रेलवर एक किलोमीटर १५ मिनिटांचा आणि पुढचा ६ मिनिटांचा होतो. त्यापेक्षा अंतर आणि चढ एकत्र करून बघा. इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशन जो किलोमीटर-एफर्ट वापरते त्यात दर १०० मीटर चढाचा १ किलोमीटर धरतात, म्हणजे तुमचा १५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाचा ट्रेल २४ चा झाला. तुमच्या हाफपेक्षा मोठा! आणि यात वाट किती खडकाळ आहे ते धरलेलंच नाही. दुसरा जुना हिशोब १८९२ चा, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, मेट्रिकमध्ये तो साधारण असा वापरतात की दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या ट्रेलला हे साडेचार तास येतात, हा धडधाकट माणसाच्या चालण्याचा वेळ, थांबे न धरता. पळणारा यापेक्षा बराच लवकर येईल, पण अंधार कधी पडतो, गेट कधी बंद होतं, पाणी किती न्यायचं हे सगळं मी पळण्याच्या वेळेवर कधीच ठरवत नाही, चालण्याच्या वेळेवर ठरवतो, कारण घोटा मुरगळला तर उरलेलं सगळं चालतच यायचं असतं, तेही लंगडत.

म्हणूनच परत फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवा. शिखर दिसत असलं, अर्धा किलोमीटर राहिलेला असला, तरी ती वेळ झाली की फिरायचं. ही वेळ वर गेल्यावर ठरवायची नसते, वर गेल्यावर मन नेहमी पुढे जा म्हणतं.

हवामानाबद्दल रोड रनरना सगळ्यात कमी कल्पना असते. दर १००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, माथ्यावर वारा, आणि तुम्ही घामाने भिजलेले. पळताना गरम वाटतं, थांबलात की दहा मिनिटांत हुडहुडी. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या माउंटन रेसमध्ये अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि जोराचा वारा आला आणि २१ धावपटू गेले, त्यात देशातले अव्वल धावपटूही होते. फिटनेस थंडीपासून वाचवत नाही, उलट अंगावर चरबी कमी असलेले, हलके कपडे घालून निघालेले लोक लवकर गारठतात. म्हणून पातळ का होईना पण वॉटरप्रूफ जॅकेट, एक कोरडा थर आणि चमकणाऱ्या फॉइलचं इमर्जन्सी ब्लँकेट, हे तिन्ही मुठीत मावतील एवढे होतात, ऊन असलं तरी न्यायचे. कॉटनचा टी-शर्ट नको, भिजला की वाळत नाही आणि उष्णता ओढून घेतो. विजेचं साधं गणित असं की लखलखाट आणि गडगडाट यात ३० सेकंद किंवा कमी असतील तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, त्या वेळी माथा आणि धार सोडून खाली यायला लागायचं, एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर जायचं नाही. खरं तर ढग उभे चढताना दिसले की गडगडाटाची वाटही बघू नका.

शूजचं पटकन सांगतो. ट्रेल शूज घ्या, तळाचे खुंट म्हणजे लग्स ४ ते ५ मिलीमीटरचे बहुतेक वाटांना चालतात, चिखल जास्त असेल तर आणखी खोल. पुढे अंगठ्यापाशी एक बोट जागा हवी नाहीतर उतारावर नखं काळी पडतात, आणि वरचं शेवटचं भोक वापरून लेस बांधा म्हणजे टाच घट्ट बसते आणि पाऊल पुढे सरकत नाही. फार जाड मऊ सोल घेतलात तर आरामदायक वाटेल पण खडकाळ वाटेवर पाय जितका उंचावर तितका घोटा वळायची शक्यता जास्त, हे माझं मत, काही जण पटवून घेणार नाहीत. शूज बदलून तुमच्या मांड्यांचा प्रश्न सुटणार नाही एवढं नक्की.

आता अभयारण्य. हे साधं मोकळं रान नाहीये, आणि माझ्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण आपण तिथे पळू शकतो ते कोणीतरी ती जागा राखली म्हणून. आधी बघा पळायला परवानगी आहे का. संरक्षित क्षेत्र सगळी सारखी नसतात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गवारीत अगदी कडक राखीव क्षेत्रं वेगळी, जिथे माणसाचा वावरच फार मर्यादित, आणि राष्ट्रीय उद्यानं वेगळी, जिथे फिरायला लोकांना जागा ठेवलेली असते. त्यात परत हंगामी बंदी असते, प्राण्यांच्या विणीचा काळ, पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ, वणव्याचा धोका. पाटी लावलेली वाट बंद असेल तर ती बंद आहे, जीपीएस फाइलमध्ये ती दिसते म्हणून उघडी होत नाही.

वाट सोडायची नाही. वळणावळणाच्या वाटेवर शॉर्टकट मारला की तिथून पाणी वाहायला लागतं, दोन पावसाळ्यांत तिथे घळ पडते. चिखल आला तर मधूनच जा, बाजूने गेलात की वाट दर वर्षी रुंद होत जाते आणि कडेचा झाडोरा मरतो. शूज नीट घासून, वाळवून मगच दुसऱ्या जंगलात न्या. न्यूझीलंडमध्ये कौरी झाडांना मारणारा रोग मातीतून पसरतो, तिथे जंगलाच्या तोंडाशी शूज घासायची आणि जंतुनाशक फवारायची सोय करून ठेवली आहे आणि काही वाटा तर बंदच केल्या. तळाला चिकटलेल्या चिखलात बी असतं, बुरशी असते, आणि ट्रेल रनर एका महिन्यात चार वेगवेगळ्या डोंगरांत जातो.

पळणाऱ्याचा आणखी एक प्रश्न असा की तो चालणाऱ्यापेक्षा वेगाने आणि कमी आवाजात येतो, म्हणजे वळणावर प्राणी आणि आपण दोघंही दचकतो. आंधळ्या वळणांवर, झाडी दाट असेल तिथे, ओढ्याच्या आवाजाजवळ, वेग कमी करा आणि बोला, टाळी वाजवा. कानात इअरफोन नकोत, एकाही कानात. पहाट आणि संध्याकाळ प्राण्यांची वेळ असते, ती त्यांना सोडा, ऊन वर आल्यावर निघा. मोठा शिकारी प्राणी समोर आला तर पळायचं नाही, आणि हे पळणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं कारण पाय आधीच पळत असतात. थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवा, सावकाश मागे सरका. पिल्लं दिसली तर त्या दिवसाचा ट्रेल तिथेच संपला, आल्या वाटेने परत. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, तो अवयव शक्य तितका स्थिर ठेवायचा आणि मदत बोलवायची, स्वतः पळत खाली जायचं नाही. चालणारे लोक समोर आले तर दहा-पंधरा मीटर आधीच आवाज द्या आणि चालत त्यांच्या बाजूने जा, वर चढणाऱ्याला वाट द्या.

एकट्याने जावं का? तुमच्या आत्ताच्या अनुभवाला, अनोळखी ट्रेलवर, नाही. सोबत कोणीतरी न्या, आणि त्या वाटेवर आधी एकदा चालत जाऊन या. पुढे वाट ओळखीची झाली, उतार हातात आला, तर एकट्याने जाणारे अनेक जण आहेत, मीही जातो, पण काही गोष्टी पाळूनच. कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परत येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं हे एका माणसाला लिहून द्यायचं, आणि नंतर वाट बदलायची नाही. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन, फोन फ्लाइट मोडवर, कारण रेंज शोधण्यात बॅटरी जाते. शिट्टी गळ्यात किंवा बॅगच्या पट्ट्याला, बॅगच्या आत नाही. डोंगरातला मदतीचा इशारा म्हणजे मिनिटात ६ शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, मग परत ६, आणि ऐकणाऱ्याचं उत्तर मिनिटात ३. रात्री हेच टॉर्चने. हेडलॅम्प दिवसाच्या रनलाही न्यायचा. अंधार पडलाच तर तो हातात धरा किंवा कमरेला लावा, प्रकाश खालून आला की दगडांच्या सावल्या पडतात आणि खोली कळते, कपाळावरून सगळं सपाट दिसतं.

खाण्यापिण्याचं फार अवघड करू नका, दोन तासांपुढे जाणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, पोटाला आधी सवय असलेलं काहीही, आणि ते चढावर चालताना खा, उतारावर तोंडात घास घेऊन पळू नका. पाणी तहानेप्रमाणे. फक्त पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते डिहायड्रेशनइतकंच घातक आहे. रिकामी पाकिटं, फळांच्या साली, बिया सगळं परत आणायचं, साल कुजते म्हणून टाकली असं चालत नाही, प्राण्यांना त्या वासाची सवय लागते आणि मग ते वाटेवर यायला लागतात.

तर आता तुम्ही काय करायचं. मांड्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत सपाटीवर हलकं पळा. मग आठवड्यातून एक दिवस सोप्या, रुंद, मध्यम उताराच्या वाटेवर जा, वर चालत, खाली फक्त दहा मिनिटं नीट टेक्निकने, तेवढंच. दुसऱ्या दिवशी किंचित दुखलं तर बरोबर, जिना अवघड झाला तर जास्त झालं. दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. सलग अर्धा तास उतार पळून दुसऱ्या दिवशी पाय नॉर्मल वाटले की त्या १५ किलोमीटरच्या ट्रेलवर जोडीदार घेऊन परत जा. त्याआधीचं शेवटचं जोरदार उताराचं सेशन साधारण दोन आठवडे आधी उरका, स्नायू भरून यायला तेवढा वेळ मिळतो आणि कमावलेलं संरक्षणही जात नाही, मधल्या दिवसांत थोडं हलकं पळा, एका पायाचा बॅलन्स चालू ठेवा आणि जॅकेट-ब्लँकेट-शिट्टी असलेली बॅग पाठीवर घेऊनच पळा, म्हणजे ती उतारावर किती हलते आणि कुठे घासते ते त्या दिवसाच्या आधीच कळेल.